गोव्यातील वाहतुकीचा खटला वरच्या न्यायालयात कसा न्यावा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा संसदेने केलेला कायदा आहे, म्हणून त्याखालचा खटला म्हापसा किंवा मडगावच्या न्यायालयातून काढून एखाद्या ‘केंद्रीय’ न्यायालयात चालवता येईल, असा समज पुष्कळ वाहनचालकांच्या मनात असतो. ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांच्याकडे हा समज अधिक पक्का असतो, कारण त्या देशात राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची न्यायालये वेगळी आहेत. मात्र तिथेही वाहतुकीचा साधा खटला संघीय न्यायालयात नेण्याची वाट अतिशय अरुंद आहे. आरोपी संघराज्याचा अधिकारी असेल आणि खटला त्याने कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीबद्दल असेल, किंवा वांशिक समानतेचे हक्क देणाऱ्या कायद्याखालील हक्क राज्याच्या न्यायालयात बजावताच येत नसतील, अशा मोजक्या परिस्थितींतच फौजदारी खटला हलतो. त्यासाठीची सूचना आरोप वाचून दाखवल्यापासून तीस दिवसांत किंवा सुनावणी सुरू होण्यापूर्वी, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत द्यावी लागते. पोलिसाने चुकीचा दंड केला एवढी तक्रार त्यासाठी पुरत नाही, आणि कारण अपुरे दिसले की संघीय न्यायालय तो खटला परत पाठवते.

भारतात अशी दोन वेगळी दालने नाहीत. १९३७ ते १९५० या काळात दिल्लीत ‘फेडरल कोर्ट’ होते खरे, पण राज्यघटना आल्यावर त्याची जागा सर्वोच्च न्यायालयाने घेतली, आणि तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच उतरंड उभी राहिली. यंत्रचलित वाहने हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत, ३५ व्या क्रमांकावर आहे, आणि संसदेचा कायदा असो वा राज्याचा नियम, दोन्ही पेडण्याचे किंवा काणकोणचे न्यायालयच लागू करते. म्हणून गोव्यातील माणसाने विचारायचा प्रश्न ‘केंद्रीय न्यायालयात कसे जावे’ हा नसून, आपली तक्रार नेमकी कशाबद्दल आहे आणि ती या उतरंडीच्या कोणत्या पायरीवर, कोणत्या टप्प्यावर मांडता येते, हा आहे. न्यायालय बदलायचे आहे, निकाल फिरवायचा आहे, की नियमच घटनाबाह्य ठरवून घ्यायचा आहे, या तीन गोष्टींचे मार्ग वेगवेगळे आहेत.

पैसे भरण्याआधी

सर्वांत पहिली खबरदारी अशी की, तालांव, म्हणजे दंडाचे चलन, मान्य नसेल तर तो भरू नये. अधिनियमाच्या कलम २०० खाली तडजोडीची रक्कम भरली की त्या गुन्ह्याबाबतची कारवाई तिथेच संपते, आणि नंतर ‘मी नाइलाजाने भरले’ असे म्हणून वर जाता येत नाही. लोक अदालतीत रक्कम कमी करून घेऊन प्रकरण मिटवले तरी तसेच, कारण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. रक्कम लहान असेल, चूक खरी असेल, तर मिटवून मोकळे होणे यात काहीही गैर नाही. पण ज्याला लढायचे आहे त्याने हा निर्णय सुरुवातीलाच आणि जाणीवपूर्वक घेतला पाहिजे. चलनावर किंवा नोटिशीवर हरकत घेण्यासाठी जी मुदत आणि जी रीत दिली असेल ती त्याच दिवशी वाचून टिपून ठेवावी आणि हरकत लेखी घ्यावी.

सगळेच गुन्हे असे मिटत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवल्याचे कलम १८५ तडजोडीच्या यादीत नाही. त्यासाठी न्यायालयात उभे राहावेच लागते, आणि पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्याबद्दलचे कलम १९९अ त्याहून गंभीर आहे, कारण तिथे पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची कैद व पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे. अपघातात कोणी जखमी झाले किंवा दगावले तर भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात आणि पोलीस तपास करून आरोपपत्र ठेवतात. या तिन्ही प्रकारांत पहिल्या तारखेच्या आधी वकील गाठावा.

किनारपट्टीवर भाड्याने दुचाकी देणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची गाडी घेऊन पर्यटक विनाहेल्मेट फिरतो, कॅमेरा क्रमांक टिपतो, आणि चलन कळंगुटच्या मालकाच्या नावावर येते. कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता, त्याचे नाव, पत्ता आणि परवान्याचा तपशील पोलिसांनी मागितल्यास देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि तेच त्याचे सर्वांत उपयोगी उत्तरही आहे. भाड्याचा करार, परवान्याची प्रत आणि गाडी दिल्या-घेतल्याची वेळ लिहिलेली नोंदवही या तीन गोष्टी ज्याच्याकडे नीट आहेत, त्याचे बहुतेक काम खालच्या पायरीवरच होते.

खालच्या न्यायालयातले काम

वर जाण्याची घाई असलेला माणूस नेमका याच टप्प्याकडे दुर्लक्ष करतो, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की वाहतुकीचे खटले वर हरतात ते बहुधा खाली काही नोंदवलेले नसल्यामुळे. हे खटले साधारणपणे संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा; पुढे ‘संहिता’ म्हणजे हीच) कलम २८३ ते २८८ खाली चालतात. त्या पद्धतीत न्यायदंडाधिकारी साक्षीचा फक्त सारांश लिहितात आणि निकालाची कारणेही थोडक्यात देतात. सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय पुढे हीच चार पाने पाहणार असते. तोंडी केलेला युक्तिवाद त्या पानांवर उतरला नाही, तर वरच्या न्यायालयाच्या दृष्टीने तो झालाच नाही. म्हणून प्रत्येक आक्षेप लेखी अर्जाच्या स्वरूपात द्यावा, त्याची प्रत सरकारी वकिलांना द्यावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

समन्स आल्यावर ते बारकाईने वाचावे. अधिनियमाच्या कलम २०८ खाली समन्समध्ये असे लिहिलेले असू शकते की आरोपीने स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावे, अथवा ठरावीक तारखेपर्यंत पत्राने गुन्हा कबूल करून त्यात नमूद केलेली रक्कम पाठवावी. हा दुसरा पर्याय सोयीचा वाटतो, पण तो गुन्ह्याची कबुली आहे, आणि कबुलीनंतर संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे दोषसिद्धीविरुद्ध अपील उरत नाही; फक्त शिक्षा किती आहे किंवा ती कायदेशीर आहे का एवढ्यावरच बोलता येते. न्यायालयात उभे राहिल्यावर आरोपाचा आशय सांगून ‘गुन्हा कबूल आहे का’ असे विचारले जाते, तेव्हा रांग मोठी असते, वेळ थोडा असतो आणि आजूबाजूचे सगळे दंड भरून निघत असतात. त्या क्षणी ‘हो’ म्हणणाऱ्याने वर जाण्याचा बहुतेक रस्ता स्वतःच बंद केलेला असतो. लढायचे असल्यास ‘कबूल नाही’ एवढेच स्पष्ट शब्दांत सांगावे आणि ते नोंदले गेले आहे याची खात्री करून घ्यावी.

आक्षेप कोणते घ्यायचे हे खटल्यावर अवलंबून असले, तरी दोन आक्षेप अनेकांना माहीत नसतात. पहिला मुदतीचा. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल गुन्ह्यापासून सहा महिन्यांनंतर घेण्यास संहितेचे कलम ५१४ मनाई करते. एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला ही मुदत एक वर्ष आहे. जुने चलन अचानक न्यायालयात आले असेल तर गुन्ह्याची तारीख आणि प्रकरण दाखल झाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात. उशीर समाधानकारक कारणासाठी माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, त्यामुळे हा आक्षेप हमखास चालतोच असे नाही, पण तो घेतलेला असावा. दुसरा आक्षेप अतिवेग आणि धोकादायक चालवणे, म्हणजे कलम १८३ व १८४ पुरता आहे. कलम २०९ सांगते की त्याच वेळी खटल्याची ताकीद दिलेली असली पाहिजे, किंवा चौदा दिवसांत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस चालकाला वा नोंदणीकृत मालकाला बजावलेली अथवा नोंदणीकृत टपालाने पाठवलेली असली पाहिजे, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असले पाहिजे. आरोपीचे नाव-पत्ता प्रयत्न करूनही मिळाला नाही किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे उशीर झाला, तर ही अट लागत नाही. अर्जात हा मुद्दा साधारणपणे पुढीलप्रमाणे मांडता येईल:

‘कथित अतिवेगाबद्दल मला त्या वेळी कोणतीही ताकीद देण्यात आली नाही. घटनेपासून चौदा दिवसांत नोटीस बजावली गेली नाही वा नोंदणीकृत टपालाने पाठवली गेली नाही, आणि अठ्ठावीस दिवसांत समन्सही बजावले गेले नाही. वाहनाच्या नोंदणीवरील माझा पत्ता घटनेच्या दिवशी बरोबर होता, त्याची प्रत सोबत जोडली आहे. सबब कलम २०९ प्रमाणे मला दोषी धरता येणार नाही. हा आक्षेप नोंदवून घेऊन त्यावर आदेश द्यावा, ही विनंती.’

शेवटचे वाक्य सोडू नये. आक्षेपावर आदेश झाला की वरच्या न्यायालयाला तपासण्यासारखे काहीतरी हाती येते.

डॅशकॅमचे चित्रण दाखवायचे असेल तर केवळ मोबाइल पुढे करून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते; त्याचा ‘अ’ भाग चित्रण सादर करणाऱ्याने आणि ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा सांकेतिक क्रमांक, लिहावे लागते. हीच मागणी सरकार पक्षाच्या कॅमेऱ्याच्या चित्राबाबतही करता येते, आणि वेग मोजणाऱ्या यंत्राच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे अचूकता तपासल्याचा, दाखला मागता येतो. मेरशी जंक्शनसारख्या ठिकाणी यंत्रच नियमभंग टिपत असल्यामुळे या मागणीला महत्त्व आहे.

न्यायालय बदलून मागणे

खटला सुरू असताना तो दुसऱ्या न्यायालयात हलवणे, हे मूळ प्रश्नाशी सर्वांत जवळचे साधन आहे. पेडण्याचा खटला म्हापशाला हवा असेल तर दोन्ही न्यायालये एकाच सत्र विभागात असल्याने अर्ज उत्तर गोव्याच्या सत्र न्यायाधीशांकडे, संहितेच्या कलम ४४८ खाली करावा. त्यांनी तो फेटाळल्याशिवाय उच्च न्यायालयाकडे जाता येत नाही. मडगावचा खटला पणजीला हवा असेल तर सत्र विभाग बदलतो, म्हणून अर्ज थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील गोवा खंडपीठाकडे, कलम ४४७ खाली जातो. कारणे तीनच प्रकारची ऐकली जातात: निःपक्ष सुनावणी शक्य नाही, कायद्याचा असाधारण अवघड प्रश्न उद्भवणार आहे, किंवा पक्षकारांची व साक्षीदारांची सर्वसाधारण सोय अथवा न्यायाचे हित तसे मागते. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते, सरकारी वकिलांना कारणांच्या प्रतीसह लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती दिल्यापासून किमान चोवीस तास गेल्याखेरीज अर्जावर निर्णय होत नाही. अर्ज केला म्हणून खालची सुनावणी आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. अर्ज निराधार किंवा त्रास देण्यासाठी केलेला ठरला तर विरुद्ध पक्षाला भरपाई द्यावी लागू शकते.

सीमेवरच्या लोकांसाठी यात एक महत्त्वाचा फरक दडलेला आहे. पत्रादेवी ओलांडून बांद्याला चलन झाले आणि प्रकरण सावंतवाडीच्या न्यायालयात गेले, तर राज्य बदलले तरी उच्च न्यायालय बदलत नाही, कारण सिंधुदुर्ग आणि गोवा दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाखाली आहेत. असा खटला गोव्यात आणण्याचा अधिकार त्याच उच्च न्यायालयाला आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जोडलेला आहे, म्हणून अर्ज कोणत्या पीठापुढे दाखल करायचा हे वकिलाकडून आधी निश्चित करून घ्यावे. याउलट चोर्ला घाट चढून खानापूरला प्रकरण झाले, तर ते न्यायालय कर्नाटक उच्च न्यायालयाखाली येते, आणि तिथला खटला डिचोलीला आणण्याचा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाला, कलम ४४६ खाली आहे. दिल्लीत अर्ज करून वाहतुकीचा खटला हलवण्याचा मार्ग आपल्याकडे आहे तो एवढाच.

तरीही हजार-दोन हजारांच्या दंडासाठी दिल्ली गाठण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. अंतर हीच खरी अडचण असेल तर त्यावर साधा उपाय आहे. संहितेच्या कलम २२८ खाली न्यायदंडाधिकारी आरोपीला स्वतः हजर न राहता वकिलामार्फत हजर राहण्याची परवानगी देऊ शकतात, आणि कलम ३५५ खाली सुनावणीच्या टप्प्यावरही तशी सूट मागता येते. नोकरीचे पत्र, आजारपणाचे कागद किंवा अंतराचा तपशील जोडून पहिल्याच तारखेला हा अर्ज द्यावा. कलम ५३० ने दूरदृश्य माध्यमातून कामकाज चालवण्याचीही मुभा दिली आहे, तिचाही उल्लेख त्याच अर्जात करावा.

निकालानंतर

दोषी ठरवणारा निकाल लागला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. प्रत मिळेपर्यंतचा काळ मुदतीतून वगळला जातो. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. संक्षिप्त खटल्यात केवळ दोनशे रुपयांपर्यंतच दंड झाला असेल तर अपील नाही, पण आजच्या दंडांच्या रकमा पाहता ही मर्यादा क्वचितच आड येते. अपिलात पुरावा नव्याने तपासला जातो, म्हणून अपील उपलब्ध असताना दुसरा मार्ग शोधू नये. दंडाची किंवा कैदेची अंमलबजावणी थांबवण्यासाठी संहितेच्या कलम ४३० खाली स्वतंत्र विनंती करावी.

अपील नसेल तर कलम ४३८ खाली पुनरीक्षण अर्ज राहतो. त्याची मुदत नव्वद दिवस आहे आणि त्यात आदेशाची कायदेशीरता व योग्यता एवढेच पाहिले जाते. हा अर्ज सत्र न्यायालयातही करता येतो आणि उच्च न्यायालयातही, मात्र एकीकडे केला की त्याच व्यक्तीला दुसरीकडे करता येत नाही, त्यामुळे निवड विचारपूर्वक करावी. तारीख पुढे ढकलणे, साक्षीदार पुन्हा बोलावणे अशा मधल्या आदेशांवर पुनरीक्षण होत नाही.

थेट पर्वरीला

काही प्रश्न मात्र खालच्या न्यायालयात सुटण्यासारखेच नसतात. दखल घेण्यासारखा गुन्हाच दिसत नसताना खटला चालवणे हा कायद्याचा गैरवापर आहे असे दाखवता येत असेल, तर संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा आधार घेता येतो. एखादी अधिसूचना किंवा नियमच घटनेशी विसंगत आहे असे म्हणणे असेल, तर अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते. आणि चालू खटल्यातच घटनेच्या अर्थाचा असा महत्त्वाचा प्रश्न गुंतला असेल की तो सुटल्याशिवाय खटला निकालात निघणार नाही, तर अनुच्छेद २२८ प्रमाणे उच्च न्यायालय तो खटला स्वतःकडे काढून घेते. मग संपूर्ण निकाल स्वतः देते, किंवा प्रश्नाचे उत्तर देऊन खटला खाली परत पाठवते. परदेशातील नातेवाईक ज्याबद्दल बोलतात त्याच्या सर्वांत जवळची तरतूद हीच आहे. अधिनियमाची एखादी तरतूदच अवैध आहे असे खुद्द न्यायदंडाधिकाऱ्यांचे मत झाले आणि त्यावर वरच्या न्यायालयाचा निर्णय नसेल, तर संहितेच्या कलम ४३६ खाली ते स्वतः प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवतात, आणि तशी लेखी विनंती आरोपी करू शकतो.

उच्च न्यायालयाचे कामकाज अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते. पंचायतीचा दाखला, भाड्याची पावती, जबाब असे मराठी किंवा कोकणी कागद जोडायचे असतील तर त्यांचे इंग्रजी भाषांतर करून घेण्यास वेळ लागतो, तो मुदतीत धरूनच चालावे. चलनाचा क्रमांक आणि न्यायालयातील खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख दुसऱ्या क्रमांकाने दिसते, म्हणून तो पहिल्याच दिवशी न्यायालयाच्या कार्यालयातून लिहून घ्यावा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे करता येतो, आणि पुढे प्रकरण पर्वरीला गेले तर उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे तो नव्याने करावा लागतो.